गळती, ठिकाण अज्ञात

पाण्याचा इतिहास शिकवायला पाणीपुरवठा कार्यालयात जावं लागत नाही, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. ही अक्कल आधी असती तर आमच्या कॉलेजच्या दारात तो खड्डा झाला नसता. आणि खड्डा झाला नसता, तर मी आज वसतिगृहात पोरांनी पंखे चालू ठेवलेत का ते बघत फिरत असतो. तेव्हा अक्कल नसण्याचेही काही फायदे असतात. अर्थात हे वाक्य मी वर्गात म्हणत नाही.

झालं असं की प्राचार्यांनी बोलावून घेतलं. आमचे प्राचार्य वाईट बातमी द्यायची असली की चष्मा पुसतात. त्या दिवशी मी बसायच्या आधीच त्यांनी रुमाल काढला होता. म्हणाले, "इतिहासाला मुलं येत नाहीत. सत्र संपताना समिती येणार आहे. समितीला काही नवीन दाखवलं नाही तर विभाग बंद. तुमच्या खोलीत मोडकी बाकं ठेवायचा विचार आहे. आणि तुम्हाला काढणार वगैरे नाही बरं का. वसतिगृहाला पर्यवेक्षक हवाच आहे."

आता माझी खोली म्हणजे काही राजवाडा नव्हे. तिच्या मागच्या भिंतीला बारा महिने ओल. पुस्तकांना बुरशी, कपाटाला बुरशी, एकदा तर हजेरीपटालाही बुरशी आली होती. मी तक्रार केली की प्राचार्य म्हणायचे, "इतिहासाची खोली आहे, थोडं जुनाट वातावरण असायचंच." पण ती खोली माझी होती. एवढी वर्षं मी तिथे बसून तपासलेले पेपर, प्यायलेला चहा आणि गिळलेले अपमान, सगळं तिथलंच. तिथे मोडकी बाकं ठेवणार म्हटल्यावर अंगात वारं शिरल्यासारखा मी बोलून गेलो, "सर, नवीन अभ्यासक्रम सुरू करतो. पाण्याचा इतिहास. इतिहास, रसायनशास्त्र, भूगोल, तिन्ही विभाग मिळून."

हे मी आधी ठरवलं होतं का? छे. समोर त्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता. तिथे पेपरवेट असता तर मी काय शिकवायला घेतलं असतं देव जाणे.

तीन विभाग मिळून शिकवायचं म्हणजे काय असतं ते कागदावर फार छान दिसतं. प्रत्यक्षात रसायनशास्त्राच्या बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "हे बघा, पाणी आमचं आहे. सूत्र आमचं आहे. तुम्हाला हवं तर मधूनमधून गोष्टी सांगा." या बाई बोलतात कमी, पण बोलल्या की समोरच्याने वहीत उतरवून घ्यावं असा स्वर लावतात. भूगोलवाल्या सरांचं म्हणणं पडलं की पाणी आकाशातून पडतं, जमिनीवरून वाहतं आणि समुद्राला मिळतं, म्हणजे ते पूर्णपणे त्यांच्या हद्दीत आहे. माझ्या वाट्याला मग पाणी आटल्यानंतरचा काळ तेवढा उरत होता.

वर्गात तर तीन तिघाडी काम बिघाडी. मी फळ्यावर जुन्या तलावांची माहिती लिहायचो, बाई आल्या की मला न विचारता डस्टर फिरवायच्या. भूगोलवाल्यांचा नकाशा एवढा मोठा की तो टांगला की फळाच नाहीसा व्हायचा. मुलं आमच्याकडे आली होती ती आवडीने नव्हे. निवडायच्या विषयांत बाकी सगळे भरले होते आणि आमचा उरला होता. पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची, ती आम्हा तिघांच्याही तासाला इतक्या मन लावून जांभया द्यायची की आम्ही आपसांत तिला 'जांभई'च म्हणू लागलो. एवढ्या एका बाबतीत तिन्ही विभागांचं एकमत होतं.

अशात प्राचार्यांनी नवीन पाचर मारली. रसायनशास्त्र आहे म्हणजे प्रात्यक्षिक हवं, आणि प्रात्यक्षिकाला बाहेरच्या एखाद्या कार्यालयाचं सहकार्य हवं, नाहीतर समिती विचारते. इतिहासाचं प्रात्यक्षिक म्हणजे काय करायचं, लढाई करायची का, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण वसतिगृहातले पंखे डोळ्यांपुढे गरगरले आणि मी "हो सर" म्हणालो.

घरी हा विषय काढला. बायको एका दवाखान्यात रुग्णांच्या चौकशीच्या खिडकीवर बसते, त्यामुळे तिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. ती म्हणाली, "पाणीपुरवठा कार्यालयात जा. त्यांच्या एखाद्या इंजिनिअरला बोलवा, तासभर बोलेल, झालं तुमचं सहकार्य." इतकं साधं. पण त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे काका साखर मागायला आले होते. काका विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून पूर्ण वेळ सल्ला देतात. म्हणाले, "जाल तर खरं. पण एक लक्षात ठेवा. सरकारी खिडकीवर खरं कारण सांगू नका. खऱ्या कारणाला पुरावा मागतात." साखर घेऊन गेले. त्यांना मी मनातल्या मनात कोपरापासून नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर जाऊन खरं कारण सांगितलं.

खिडकीतला कारकून सज्जन होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. इतिहास, आंतरविद्याशाखीय, प्रात्यक्षिक, समिती. मग म्हणाला, "म्हणजे नवीन जोडणी हवी?"

"नाही हो. जाणकार माणूस हवाय. आमच्याकडे पाणी कुठून येतं, कसं येतं, ते मुलांना सांगायला."

"जोडणी तोडायची आहे?"

"नाही."

"पाणी गढूळ येतं?"

"पाण्याबद्दल आमची काही तक्रारच नाही."

कारकुनाने माझ्याकडे बघितलं. तक्रार नसलेला माणूस त्या खिडकीवर पहिल्यांदाच आला असावा. मागच्या रांगेने कुरकुर सुरू केली होती. तो पुढे वाकून, घरच्यासारखं समजावत म्हणाला, "सर, इथून व्याख्यानाला माणूस जात नाही. जोडणीला माणूस जायला वेळ लागतो. गढूळला नमुना तुम्ही आणायचा. लगेच माणूस जातो तो फक्त गळतीला. तुम्हाला माणूस हवाय ना? मग गळती टाकू. आला की त्याला काय विचारायचं ते विचारा."

"पण गळती कुठे आहे?"

"ठिकाण अज्ञात," असं म्हणून त्याने लिहूनही टाकलं. मी सही केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या वेळी मला वाटलं, बघा, सरकारी माणसातही किती व्यवहारज्ञान असतं.

माणूस आला. एक नव्हे, अख्खी गाडी भरून आली. कुदळी, फावडी, पहारी आणि पुढे छातीवर हात बांधलेला मुकादम. मी मुलांना गेटजवळ जमवून ठेवलं होतं. स्वागतपर दोन शब्द बोललो. मुकादमाने ते शांतपणे ऐकले आणि विचारलं, "खणायचं कुठं?"

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की तसं खणायचं काही नाही, आपण मुलांशी थोडं बोलावं. तो म्हणाला, "सर, गळतीला आलो म्हणजे खणावं लागतं. न खणता परत गेलो तर कशाला गेलो होतो ते लिहून द्यावं लागतं. आणि तक्रार खोटी असेल तर तुम्हालाही लिहून द्यावं लागेल. गळती कुठाय?"

सगळा वर्ग बघत होता. रसायनाच्या बाई बघत होत्या. जांभईसुद्धा जांभई अर्धी सोडून बघत होती. चारचौघांत मी शिक्षक म्हणून उभा होतो, आणि तक्रार खोटी आहे हे माझ्या तोंडून निघेना. माणसाची इज्जत धोक्यात आली की त्याचा हात आपोआप कुठेतरी उठतो. माझा उठला तो माझ्याच खोलीच्या ओल्या भिंतीकडे.

"ती बघा," मी म्हणालो. "बारा महिने ओल."

मुकादमाने भिंतीला तळहात लावला, मान डोलावली, आणि पहिली कुदळ पडली.

प्राचार्य धावत आले तोवर गेटपासून माझ्या भिंतीपर्यंतचा रस्ता खणला गेला होता. कॉलेजात शिरायला एक फळी टाकली होती, तिच्यावरून एकेकाने जायचं. ग्रंथपाल फळी बघून घरी निघून गेले ते रजेचा अर्ज पाठवूनच थांबले. प्राचार्यांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात समिती आहे." मी मुकादमाला म्हणालो, "बुजवा हो आता." तो म्हणाला, "गळती सापडल्याशिवाय बुजवता येत नाही. तक्रार उघडी आहे." आणि डबा खायला झाडाखाली गेला.

कॉलेजात माझं नाव 'खड्डेवाले सर' पडलं. आमच्या इमारतीत तर त्याहून वाईट. काकांनी बातमी मजल्यामजल्यावर पोहोचवली, पण तिची सुधारून वाढवलेली आवृत्ती. सगळ्यांचा समज झाला की माझी पाणीपुरवठ्यात मोठी ओळख आहे, मी नुसतं बोट दाखवलं की तिथे खणतात. मग लोक बादल्या घेऊन दारात यायला लागले. कोणाच्या नळाला जोर नाही, कोणाच्या टाकीतून वास येतो. तळमजल्यावरच्या आजी तर म्हणाल्या, "माझ्या दारात नको हो खणू बाबा, मी तुझं काय वाकडं केलंय?" मी बायकोला म्हणालो, "राजीनामा देतो." ती म्हणाली, "द्या. पण आधी त्या खड्ड्यात काय सापडलं ते तरी बघून या. एवढं खणलंय तर."

मला तिचा राग आला, कारण मी खरंच खड्ड्यात उतरलो नव्हतो. इतिहासाचा माणूस आणि दारात खणलेला खड्डा, आणि मी फळीवरून मान वळवून जात होतो. शरमेपोटी, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी पँट वर दुमडून उतरलो. आणि अहो, काय सांगू. खड्ड्याच्या एका अंगाला तीन नळ होते, एकाखाली एक. वर आजचा प्लॅस्टिकचा. त्याच्या खाली बिडाचा, गंजून जाड झालेला. आणि सगळ्यात तळाशी भाजक्या मातीचा, एकात एक बसवलेल्या तुकड्यांचा, कोणी लावला कोणास ठाऊक. मी सत्रभर फळ्यावर खडूने जे काढत होतो, आणि बाई ज्याच्यावर डस्टर फिरवत होत्या, ते सगळं माझ्या पायाशी रचून ठेवलेलं होतं. मी तसाच चिखलात उभा राहिलो. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे बायकोला सांगितलेलं नाही.

मी वर्ग खड्ड्यातच घेतला. भूगोलवाले सर काठावर उभे राहून म्हणाले, "उतार बघितलात का?" त्यांनी समोरच्या बांधकामावरल्या गवंड्याकडून पारदर्शक नळी मागून आणली, तिच्यात पाणी भरलं आणि दोन टोकं धरून पातळी मोजायला लागले. नकाशा घरी विसरल्यावर हा माणूस इतका कामाचा निघेल असं वाटलं नव्हतं. बाईंनी बिडाच्या नळातला पापुद्रा डबीत घेतला. कोणी कोणाच्या हद्दीत शिरलं, याचं भानच कोणाला नव्हतं.

आणि तेव्हा जांभईने तोंड उघडलं. मी सवयीने मान फिरवली, पण ती बोलत होती. "सर, वरच्या दोन नळांचा उतार कॉलेजकडे आहे. मातीच्या नळाचा उलटा आहे, रस्त्याकडे. म्हणजे तेव्हा पाणी इथून बाहेर जायचं?"

भूगोलवाल्यांनी पुन्हा नळी धरली. बरोबर होतं. आज आमच्याकडे गावातून पाणी येतं, पण कधीकाळी गावाला पाणी आमच्याकडून जात होतं. मग आमच्याकडे ते कुठून येत होतं? अख्ख्या सत्रात वर्गाने विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर आम्हा तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. शिक्षकाला याहून मोठं सुख नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

नेमकी दुसऱ्या दिवशी समिती आली. प्राचार्यांनी खड्डा झाकायला सतरंज्या मागवल्या होत्या, पण मुकादम तपासणीला आला होता आणि त्याने त्या काढून ठेवल्या. समितीच्या अध्यक्ष म्हणजे एक बुटक्या, कडक बाई, आवाज न चढवता माणसाला दरदरून घाम फोडणाऱ्या. फळीच्या तोंडाशी थांबून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"तात्पुरतं आहे," प्राचार्य म्हणाले.

"अभ्यासक्रम आहे," मी म्हणालो. माझ्याच तोंडून निघालं, मीच दचकलो.

"याची गरज काय? इतिहासाने पाण्यात का शिरायचं?"

या प्रश्नाचं उत्तर मी पाठ केलं होतं. घसा खाकरून सुरुवातही केली. पण खड्ड्यातून आवाज आला, "मॅडम, तुम्ही खाली या, म्हणजे दिसेल." जांभई. प्राचार्यांच्या हातातून रुमाल पडला. अध्यक्षबाईंनी क्षणभर विचार केला, चपला काढल्या, प्राचार्यांच्या हातात दिल्या आणि उतरल्या.

पुढचं मी कधीच विसरणार नाही. मुलांनी तीन नळ दाखवले, उलटा उतार दाखवला. मग रसायनाच्या बाई दोन परीक्षानळ्या घेऊन आल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत माझ्या भिंतीतून पाझरून खड्ड्यात साचलेलं. दोन्हींत त्यांनी एकच औषध टाकलं. नळाचं पाणी गुलाबी झालं, ओलीचं तसंच राहिलं. बाई म्हणाल्या, "नळाच्या पाण्यात जंतुनाशक असतं, म्हणून रंग आला. भिंतीतल्या पाण्यात ते नाही. ही ओल नळाची नाही." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "पुढचं हे सांगतील. तो भाग यांचा आहे." बाईंनी माझ्यासाठी फळा मोकळा सोडला, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मी म्हणालो, "मातीचा नळ जिथून निघतो तिथे पाण्याचा साठा असणार. नळ निघतो या भिंतीखालून." आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की मी काय बोलतोय. आम्ही सगळे माझ्या खोलीकडे धावलो. समिती धावली, प्राचार्य चपला घेऊन धावले. मुकादमाने पहारीच्या बोथट टोकाने फरशी ठोकायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. मग माझ्या टेबलाखाली, जिथे मी इतकी वर्षं पाय ठेवून बसलो होतो, तिथे आवाज बदलला.

फरशी उचलली. खाली बांधीव दगडी काठ, आणि त्याच्या आत काळंभोर पाणी. भूगोलवाल्यांनी एक खडा टाकला. डुबुक. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही. ज्या खोलीत मोडकी बाकं ठेवणार होते, तिच्या पोटात एका गावाची तहान भागवणारी विहीर होती, आणि ती एवढी वर्षं भिंतीतून माझ्याकडेच अर्ज करत होती.

अध्यक्षबाईंनी पाय धुतले, त्याच विहिरीच्या पाण्याने, आणि तिथेच बसून अहवालात लिहिलं: विभाग बंद करू नये. खड्डाही घाईने बंद करू नये. त्याला कठडा करावा. दारातल्या गळतीची तक्रार निकाली निघेपर्यंत हा अभ्यासक्रम आहे तिथे, आहे तसा चालू राहावा. प्राचार्यांनी ते वाचलं. चष्मा पुसला नाही.

आता आमच्या विषयाला जागा मिळत नाही म्हणून मुलं भांडतात. खड्ड्याला पायऱ्या झाल्यात, कठडा झालाय, फळीच्या जागी छोटा पूल आलाय. ग्रंथपाल रजेवरून परतले. जांभई पुढच्या शिक्षणासाठी हाच विषय घेऊन गेली आणि आमच्या नव्या वर्गासमोर बोलायला आली, तेव्हा पहिल्या बाकावर एक मुलगा जांभया देत होता. ती म्हणाली, "याच्यावर लक्ष ठेवा, सर." इमारतीतल्या लोकांनी मला एकमताने पाणी समितीचा अध्यक्ष केलंय. काकांचं म्हणणं, सगळी कल्पना त्यांचीच होती.

मुकादम मात्र दर सत्राला येतो. हातात तक्रारीचा कागद, खाली एकच रिकामी ओळ: तक्रारदाराचं समाधान झालं, सही. ती सही झाली की कागद बंद, आणि कागद बंद झाला की खड्डा बुजवणं आलंच. आम्ही दोघं विहिरीच्या काठावर बसून चहा घेतो. मागच्या खेपेला प्राचार्यही सोबत आले होते. गेटापाशी गाडी लावता येत नाही म्हणून ते जरा काकुळतीला आलेत.

"सर, गळती नव्हतीच, हे आता सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "करा की सही. झालं ना समाधान?"

मुकादमाने कागद पुढे केला आणि पेनही दिलं, पण टोपण काढलं नाही. मी कागद नीट वाचला, वरपासून खालपर्यंत.

"नाही," मी म्हणालो. "अजून झालं नाही."

मुकादमाने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि दुसरा चहा मागवला.